झोन ४११

इमारत अजून उभी नाही.
अल नहदाच्या त्या प्लॉटवर सध्या दोन कंटेनर,
एक वाकलेला पत्रा आणि मांजरीची पिल्लं.
माझ्या मशीनमध्ये मात्र तिचा ऑगस्ट चालू आहे.

आठ हजार सातशे साठ तास.
बावीस मजले, चारशे अकरा झोन,
प्रत्येक भिंत शेजारणीला विचारते, किती तापलीस?
उत्तर येतं तोवर प्रश्न बदललेला असतो.
एक वर्ष मोजायला अकरा तास.
रात्री हरभरे भिजत घालावेत तसं लावून जायचं
आणि सकाळी बघायचं, फुगलेत का.

बरं, ते वर्षही खरं नाही:
जानेवारी एका सालचा, मे दुसऱ्या,
जुलै कुठल्यातरी तिसऱ्याच सालातून उचललेला.
कुणीच न जगलेलं वर्ष.
सुरुवातीला तर एक जानेवारीच पुन्हा पुन्हा,
भिंतींच्या अंगवळणी पडेपर्यंत.
मीही इथे आले तेव्हा
पहिलाच दिवस महिनाभर जगत होते.

“हेमांगी, गुरुवारी सबमिशन,” बालचंद्रन सर म्हणाले,
“अकरा तासांत मी पालक्काडला पोचून जेवून झोपेन.”

मग कापायला बसले.
तिसरा ते एकविसावा मजला सारखाच:
एक मोजला, एकोणिसांनी गुणला.
सावल्या रोज कशाला, वीस दिवसांनी एकदा.
समोरच्या काचेच्या टॉवरची तिरीप पुसली.
दहा मिनिटांचं पाऊल पंधराचं केलं.
अकराचे चार झाले.
पुढे गाडी हलेना.

लॉग उघडला. लाल ओळ:
झोन ४११, स्थिरावला नाही.
पंधरा मिनिटांच्या दर पावलाला
फेऱ्यांवर फेऱ्या, तरी याचा आकडा बसेना
आणि याच्यासाठी अख्खी इमारत खोळंबलेली.

नकाशात शोधलं. तळमजला, ट्रान्सफॉर्मरला लागून,
सहा पूर्णांक दोन चौरस मीटर. वॉचमन.
खिडकी नाही. एसी नाही.
एसी असता तर प्रश्नच नव्हता,
चोवीसवर बांधली की खोली गप्प बसते.
ही मोकळी.
ट्रान्सफॉर्मर देईल ते घेते, भिंतीला देते,
भिंत पुन्हा तिलाच.

“उडव,” सुहैल म्हणाला. “ती भिंत अशी धर
की तिच्यातून काही येत नाही, काही जात नाही.”
उडवली.
एकोणचाळीस मिनिटं!
वर्षाच्या विजेत फरक: शून्य पूर्णांक शून्य दोन टक्के.
सरांनी डबा उघडून केळ्याचे वेफर्स पुढे केले.

रोलाला घरी पोचले तेव्हा साडेअकरा.
काचा बाहेरून घामेजलेल्या,
वरच्या एसीचं पाणी कॅनमध्ये टपटपतंय,
मोतीउरचं दार उघडं,
ओला टॉवेल पंख्याच्या जाळीवर.
चार वर्षं त्याच्याकडून कुरियर घेते आहे,
त्याची खोली आज पहिल्यांदा डोळ्यांनी मापली.
झोप लागते का, विचारलं.
म्हणाला, “लागते की. फक्त भिंत माझ्यानंतर झोपते.
दोन-अडीचला.”

हात लावून पाहिला.
सूर्य जाऊन कितीतरी तास झाले होते,
ती अजून दुपारच सांगत होती.

गुरुवारी पाठवलं ते एकोणचाळीस मिनिटांचंच.
त्यातला एकही आकडा खोटा नाही.
मग दुसरी फाइल उघडली,
मजले पुसले, लॉबी, जिम, गच्चीवरचा तलाव.
एक खोली ठेवली. एक भिंत. एक ट्रान्सफॉर्मर.
पाऊल मिनिटाचं.
आठ हजार सातशे साठ तास
चार सेकंदांत.

दोन ऑगस्ट, पहाटे दोन:
एकेचाळीस पूर्णांक सहा.
स्थिरावला.

फॉर्ममध्ये याला रकाना नाही.
कागद सरांच्या टेबलावर ठेवला,
उडू नये म्हणून वर
वेफर्सचा डबा.